एकही टक्कर नाही

इमारतीचे बीम-कॉलम तो आखायचा, पाइप त्याची बायको. ती महिनाभर माहेरी होती, ऑफिसातही अबोला. मी दोघांची कॉम्प्युटरवरची मॉडेलं जोडली, तर सॉफ्टवेअर म्हणालं, पाइप-बीमची एकही टक्कर नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

मला शंका आली. पाहतो तर त्याची इमारत एकीकडे आणि तिचे पाइप दोन किलोमीटर लांब, हवेत लोंबकळत. दोघांनी मोजमापाचा शून्यबिंदूच वेगळा धरला होता. मी दोन्ही मॉडेलं एका बिंदूवर आणली. टकरांच्या खुणांनी स्क्रीन लालभडक झाली.

“तुझा पाइप माझ्या बीममधून आरपार गेलाय!” तो ओरडला.

“तुझा बीम तुझ्यासारखाच, कायम मधे आडवा!”

ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, तरी अर्ध्याच टकरा मिटल्या होत्या. लॅपटॉप उचलत ती म्हणाली, “चल, उरलेलं घरी भांडू.”