मागची शिवण

"पँट कधी कमरेला घट्ट झाली नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! एकदाही नाही," कप्तान छाती पुढे काढून म्हणाला. पाय स्टुलावर होता, अंगठ्याला पट्टी बांधलेली होती, तरी ऐट कायम होती. "नोकरीला लागलो तेव्हा जिथे बसायची, आजही तिथेच बसते. हवं तर हिला विचारा. हिच्याच हातची शिलाई आहे."

डॉक्टरांनी त्याच्या बायकोकडे पाहिलं. तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला आणि मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिचं तिलाच कळलं नाही.

डॉक्टर मग स्पष्टच बोलले. साखर काही काल-परवा वाढलेली नव्हती. वर्षानुवर्षं ती आत मुरत आली होती. आता पायाच्या नसा बधिर झाल्या होत्या, म्हणून जखम झालेली कळलीच नाही आणि आता ती भरत नव्हती. "पोट सुटायला लागलं तेव्हाच लक्षात यायला हवं होतं हो. तळलेलं, गोड जरा कमी केलं असतं, थोडं चालला असतात, तर बहुतेक इथवर आलंच नसतं. अंगठा वाचतो का ते बघू. पण बस चालवणं मात्र आता विसरा."

बसमध्ये चढण्याआधी तो टोपी नीट करायचा, म्हणून डेपोने त्याचं नाव कप्तान ठेवलं होतं. घरी परत येताना टॅक्सीत त्याचे हात मांडीवर नुसते पडून होते. स्टेअरिंगवाचून त्यांचं काय करायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे मात्र रस्ता नव्हता, ती पहिली पँट होती.

तेव्हा दोघंही ऐन तारुण्यात होती. एका सकाळी त्याचं बटण लागेना. श्वास कोंडून झाला, पोट आत ओढून झालं, बटण काही काजात जाईना. त्याचा चेहरा असा उतरला की बघवेना. "झालं! आजपासून तळलेलं बंद, गोड बंद," तो म्हणाला. "भाज्या, डाळ, आणि डेपोपर्यंत पायी."

बोलला तसा वागलाही. वाफवलेल्या भाज्या निमूट चावायचा आणि उठायचा. तिला मात्र ते बघवायचं नाही. तिच्या माहेरी तेलाची बाटली कुलपात असे. लोणी कसं लागतं, ते तिला शेजारच्या घरात कळलं होतं. नवऱ्याला हात आखडता न घेता वाढता यावं, एवढंच तर तिने संसाराकडे मागितलं होतं.

एके दुपारी तो ड्यूटीवर असताना तिने त्याची दुसरी पँट मशीनवर घेतली. मागच्या शिवणीत भरपूर माया ठेवायची तिची पद्धत. शिवण उसवली, बोटभर कापड सोडलं, पुन्हा टीप मारली, वरून इस्त्री फिरवली. ब्रह्मदेवाच्या बापालाही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बटण अलगद लागलं. तो जरा वेळ त्या बटणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अरेच्चा! उतरलो की मी!" त्या संध्याकाळी तिने कढई चढवली. बटाट्याचे काप त्याने पुन्हा मागून घेतले. तिला आभाळ ठेंगणं झालं.

मग ते अंगवळणीच पडलं. पँट घट्ट व्हायच्या आतच सैल होऊ लागली. माया संपली की आतून जोड बसायचा. नवी शिवताना ती त्याला टेप लावतच नसे, नजरेनंच माप घ्यायची. शेजारीण चिडवायची, "तुमचे हे अंगानं एवढे भरले, आणि पँट आपली तीच! कापड रबराचं आणता की काय?" ती खुशीत हसायची. तिला ते आपल्या कारागिरीचं कौतुक वाटायचं. त्याचं शरीर बिचारं दर वेळी सांगायला तोंड उघडायचं, आणि दर वेळी ती ते शिवून टाकायची.

घरी आल्यावर तिने त्याला खुर्चीत बसवलं, पायाखाली उशी दिली आणि समोर उभी राहिली. बसायचं धैर्य होईना.

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत ते खरं नाही," ती म्हणाली. "पँट घट्ट व्हायची. मी सैल करून ठेवायची. पहिल्यापासून. तुम्हाला पत्ता लागू दिला नाही."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, पँट तू शिवतेस. पट्टा कुठे तू शिवतेस? डेपोत खिळा ठोकून त्याला नवी भोकं मीच पाडायचो ना." तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "डॉक्टरांपुढे तुझ्यावर ठपका कशाला, म्हणून तसं बोललो."

तिचा आवाज चढला. "कळत होतं, तर थांबला का नाहीत? अहो, माणसानं स्वतःचा तरी विचार करावा!"

"थांबलो होतोच की. आठवतं ना? तेवढ्यात तू शिवण सोडलीस. म्हटलं, मी असा अर्धपोटी उठलेला हिला बघवत नाही. मग हिच्यासाठी खाऊ."

वाकून त्याने पट्टी बांधलेल्या पायाखालची उशी सारखी केली. मग, तिला लागू नये इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"तळलेलं तर मला तेव्हापासूनच नकोसं झालं होतं गं."