देवदारांतली सपाट जागा

खालच्या तळावर नळ होता, संडास होता आणि शेजारच्या तंबूतली गाणीही होती. तासभर वर देवदारांच्या रानात गेलं तर शांतता मिळणार होती, तीही फुकट. चिंतामणरावांनी बायकोच्या गुडघ्यांना न विचारता रान निवडलं.

वर गवताळ, सपाट जागा सापडली. “तीस वर्षं जमिनी मोजल्यात मी. अशी जागा नशिबानंच मिळते!”

“अहो, लेंड्या बघा किती! कुणाचा तरी मुक्काम असतो इथे,” मालतीबाई म्हणाल्या.

“जुन्या आहेत. तू चहा टाक.”

ऊन उतरताना दीडशे मेंढ्या घेऊन मेंढपाळ आला. तंबू पाहून थबकला.

“हम निकलते है, भैया,” मालतीबाई म्हणाल्या, पण उठताना गुडघ्यांनी दगा दिला. चिंतामणराव कपात बघत राहिले.

“बैठो, माताजी. ऊपर और जगह है. दो घंटे, बस.”

त्यानं एक लंगडी मेंढी खांद्यावर घेतली आणि शीळ घातली. नुकत्याच बसलेल्या मेंढ्या पुन्हा उठल्या.

तंबूत दोनच माणसं झोपणार होती. त्यांच्यापायी दीडशे मेंढ्या आणि एक दमलेला माणूस अजून चढणार होता.