चौथं नाव

बॉल सोडल्यावर कंडक्टरबाईंनी मागे वळून बघितलं नाही, तेव्हाच मास्तरांची नजर भिंतीवरच्या संघांच्या फळ्याकडे गेली.

हौशी खेळणाऱ्यांची ही खोड जाता जात नाही. बॉल हातातून सुटला की मान मागे. कुणी बघितलं का, टाळी कोण वाजवतंय, आपल्या माणसांनी फोटो काढला की नाही. लीगमध्ये, म्हणजे हंगामभर दर मंगळवारी चालणाऱ्या स्पर्धेत, खेळणारा माणूस समोरच्या दहा पिनांकडे बघतो. बाई पिनांकडे बघत होत्या. कोपऱ्यातली एकच पीन उरली, डुलली, पण पडली नाही. नऊ पडल्याचा आनंद राहिला बाजूला, बाई त्या एकीवर चरफडल्या. म्हणजे बाई तयार झाल्या होत्या.

रविवारी मजा म्हणून येणाऱ्यांना लीगपर्यंत न्यायचं, हेच मास्तरांचं त्या बोलिंग हॉलमधलं काम. बरेच जण त्यांच्या हाताखालून गेले होते. बाईंची गोष्ट जरा अवघड होती. वर्षानुवर्षं तिकिटांची पिशवी अडकवून त्यांचा एक खांदा कायमचा वर राहिला होता, त्यामुळे बॉल पिनांऐवजी सरळ कडेच्या गटारात. मास्तरांनी खांद्याचं नावच काढलं नाही. बस वळण घेते तेव्हा गुडघे कसे सोडता, तसेच सोडून उभ्या राहा, एवढंच सांगितलं. तेवढ्याने काम झालं.

बाईंना लीगमध्ये जायचं होतं आणि त्याचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. लेक लग्न होऊन लांब गेली. ड्युटी संपल्यावर घर खायला उठतं. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी कुणी आपली वाट बघावी, आपण आलो नाही तर कुणाचं तरी अडावं, बाकी काही मागणं नाही. चार-चार जणांचे संघ असतात. नव्या हंगामाची नावं त्याच संध्याकाळी पक्की व्हायची होती. सगळे संघ भरले होते. एकाच संघात खेळणारे तिघं होते, आणि फळ्यावर त्या संघातलं चौथं नाव मास्तरांचं होतं.

मास्तरांच्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बॉल उचलायला कायमची बंदी केली, त्याला दोन हंगाम झाले. लीगचा एक नियम आहे. गडी गैरहजर असला तर त्याच्या सरासरीतून दहा वजा करून उरलेले गुण संघाला मिळतात. मास्तरांनी तोवर उभ्या जन्मात लीगचा एकही मंगळवार चुकवला नव्हता, त्यामुळे हा नियम त्यांना ऐकूनच ठाऊक. पण त्या नियमाने त्यांना तारलं. घरी बसून ते दर मंगळवारी संघाला दीडशे गुण देत होते. खेळाडू असावा तर आपल्यासारखा, असं ते स्वतःच म्हणत. दमत नाही, चुकत नाही आणि येतही नाही.

मंगळवारी संध्याकाळी ते हॉलमध्ये थांबतच नसत. दुसऱ्यांच्या पिना पडल्याचा आवाज त्यांना सोसवत नसे. पण एरवी आल्या आल्या आधी फळ्यावरचं नाव बघत आणि मगच बूट घालत. संघ दोन्ही हंगामांत शेवटून पहिला आला, तेव्हा त्यांनी तिघांनाही फैलावर घेतलं होतं. माझे दीडशे ठरलेले, मग तुम्ही तिघं काय माशा मारता का? वायरमन, त्याचा मेहुणा आणि पोस्टमन यांनी मुकाट ऐकून घेतलं होतं.

बाई रुमालाला हात पुसत आल्या. तयार झाले का, असं त्यांनी विचारलं. गेल्या आठवड्यातही विचारलं होतं. तेव्हा मास्तर म्हणाले होते, अजून थोडं. ते खोटं होतं. शिकायला आलेल्या माणसाशी मास्तर आजवर कधी खोटं बोलले नव्हते, आणि ते खोटं त्यांना आठवडाभर टोचत होतं. आताही तेच दोन शब्द तोंडाशी आले.

"झालात," मास्तर म्हणाले. "गेल्याच आठवड्यात झाला होतात. मीच बोललो नाही."

मग मात्र त्यांनी वेळ लावला नाही. लावला असता तर जमलं नसतं. ते फळ्यापाशी गेले आणि आपलं नाव पुसायला लागले. शाई इतकी वाळलेली की निघता निघेना. फडक्याने होईना, तेव्हा त्यांनी ओलं बोट घासलं. वाईट वाटणार हे त्यांना माहीत होतं, पण इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं. त्या जागी त्यांनी बाईंचं नाव लिहिलं. बाईंनी जवळ येऊन ते वाचलं.

संघाचा कप्तान वायरमन. तो बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होता. मास्तर त्याच्याशेजारी जाऊन बसले. न विचारता नाव बदललं म्हणून त्यांनी आधी माफी मागितली. बाई इतक्यात काही एकशेवीसच्या वर जायच्या नाहीत, हेही सांगून टाकलं. माझे हक्काचे दीडशे आजपासून गेले, तुमचं नुकसान केलं, पण तेवढं पोटात घाला, म्हणाले.

वायरमनच्या हातातली नाडी हातातच राहिली. त्याने एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा मास्तरांकडे.

"मास्तर, महिनाभर सलग न आलेल्याचे गुण धरतच नाहीत," तो म्हणाला. "दोन हंगाम आम्ही तिघंच खेळतोय, चौथ्या जागी भोपळा घेऊन. पण तुमचं नाव पुसायचा धीर कुणाला होता?"