मशीनचा पट्टा

आमचं वॉशिंग मशीन आमच्या लग्नाइतकं जुनं, आणि तितकंच खडखडणारं. बायको रूझा म्हणायची, "नवीन घेऊ या." मी म्हणायचो, "दुरुस्त करू." घरात पाना असताना दुकानात जाऊन नवीन मशीन आणायचं, म्हणजे आमच्या सर्बियात पुरुषाने स्वतःचं नाक कापून घेणंच.

मशीन बंद पडलं. उघडलं, तर ड्रम फिरवणारा पट्टा निसटलेला. बसवला. आठवडा गेला नाही तोच पुन्हा निसटला. उन्हाळाभर हेच चाललं. शेजारीण देसांका कुंपणावरून डोकावून विचारायची, "चाललं का गं मशीन?" रूझा कपाळाला हात लावायची.

शेवटी सप्टेंबरात मी हात टेकले. नवीन मशीन आलं. जुनं भंगारात द्यायला निघालो, तर रूझा म्हणाली, "राहू दे रे तिहोमिर, किती दमलायस! त्याचं मी बघते." इतकी मायाळू बायको नशिबानेच मिळते.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो, तर अंगणात जुन्या मशीनचा ड्रम विटांवर चढवलेला. आत लाकडं धडधडून पेटली होती, वर पत्रा, आणि पत्र्यावर हिवाळ्याच्या आयवार चटणीसाठी लाल ढोबळ्या मिरच्या खरपूस भाजत होत्या. माझ्याकडे पाठ करून रूझा आणि देसांका भाजलेल्या मिरच्या सोलत बसल्या होत्या.

"चूल झकास झाली गं," देसांका म्हणाली. "पण तुझा नवरा फारच लवकर दमला. मी पट्टा काढायचे, आणि माझा तर दोन वर्षं बसवत होता!"