शुक्रवारवर सरकवलेली अंत्ययात्रा

कुणी ठरवण्याआधीच मिरवणुका महापालिकेच्या नकाशावर उमटत. एका रस्त्यावर दोन आल्या, तर एक सरकवायची, हे मृदुलाचं काम. बुधवारी घरून काम करताना तिला आपल्याच गल्लीत गुरुवारची वरात आणि एक अंत्ययात्रा एकमेकींवर आलेल्या दिसल्या.

“कुणाला हलवतेस?” वडिलांनी चहा ओतत विचारलं.

“वरातीला मुहूर्त असतो, अण्णा. अंत्ययात्रा शुक्रवारी.”

“म्हणजे मेलेल्यानंही तुमच्या परवानगीची वाट बघायची.”

ती हसली. अंत्ययात्रा त्यांच्याच दारातून निघत होती, हे तिने सांगितलं नाही.

गुरुवारी अण्णांनी गॅलरीतून वरात पाहिली. शुक्रवारी ते उठले नाहीत. गुरुवारचा जास्तीचा दिवस तिने यात्रा सरकवल्याने मिळाला की योगायोगाने, हे तिला कळेना. ती त्यांच्या उशाशी बसली.

“अण्णा, मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तरी काल मी ऑफिसला गेले.”