विस्तव

बंदराच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा लाल ठिपका पाहून वृंदा जाक्कर खुर्चीतून उठलीच. ठिपका तिच्या माहेरच्या घरावर होता. बंदरातलं जहाज द्रवरूप गॅसने भरत असताना पंचक्रोशीत कुठे काडी ओढली तरी यंत्राला कळायचं, आणि पाचव्या मिनिटाला ड्रोन येऊन त्या घरावर आग विझवणारा फेस ओतायचं.

तिने फोन लावला. "आई, शेगडी विझव आधी! जहाज भरतंय."

"आणि बाळंतिणीला शेक कशावर देऊ? पोराला ओव्याची धुरी कशावर देऊ?" आई कडाडली. "तुझ्या वहिनीला आज आठवा दिवस. पाठव तुझं ड्रोन, ओत भाच्यावर फेस!"

चार मिनिटं उलटली होती. वृंदाने चरफडत 'खोटा इशारा' हे बटण दाबलं. ठिपका पुसला गेला.

तिला हायसं वाटतंय तोच शेजारच्या घरावर दुसरा ठिपका उमटला. मग पलीकडे तिसरा. मग एकदम सात.

"आई, काय चाललंय तिकडे?"

"अगं, इतक्या वर्षांनी धूर दिसला, म्हणून बायका करवंट्या घेऊन येतायत नि चुलीसाठी विस्तव मागून नेतायत. दारात आलेलीला नाही म्हणू होय?"

वृंदा काही बोलणार, तेवढ्यात सगळे ठिपके आपोआप पुसले गेले. अख्खं गाव हिरवं झालं. असे ठिपके खोटे असतात, हे यंत्र तिच्याकडूनच शिकलं होतं.

मग, आसपास कुठे विस्तव नाही असं समजून, त्याने जहाजात गॅस भरायचा वेग वाढवला.

"आई!" वृंदा ओरडली. पण धुरी द्यायला म्हणून आईने फोन ठेवून दिला होता.