पान तीन ते चौदा

नऊ वर्षांपूर्वी मावशींच्या सुनेला जुळं झालं, त्याच वर्षी कॉलेजच्या फीमाफीच्या अर्जाची पानं बारावरून चौदा झाली.

यंदाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. खिडकीपासूनची रांग जिन्याखाली उतरली होती. सगळ्यांत पुढच्या मुलीचा अर्ज हेडक्लार्कनं नवव्या पानावर उघडला आणि तसाच परत सरकवला.

"वडिलांची सही इथे, आमच्यासमोर झाली पाहिजे."

"वडील ट्रकवर असतात, सर. आठ दिवसांनी येतील."

"मग पुढच्या वर्षी भरा."

"आज अर्जाची पोच मिळाली नाही तर सोमवारी माझं नाव कमी होईल. पुढच्या वर्षी मी इथे कशाला असेन?"

"नियम काय मी केलाय? चला, पुढचा."

मुलगी हलली नाही.

आत स्टुलावर अर्ज बांधत बसलेल्या मावशींनी मान वर केली. मावशी ऑफिसातल्या शिपाई. पहिली दोन पानं वर मोकळी ठेवायची, बाकीच्यांची घडी करून दोऱ्यानं आवळायची, हे काम त्या नऊ वर्षं करत होत्या. अर्ज मोठ्या ऑफिसात जायचे, पहिल्या पानावर शिक्का बसून परत यायचे, आणि मावशीच ते कपाटात रचायच्या.

त्या उठल्या. कपाट उघडून कवळाभर जुने अर्ज आणले आणि हेडक्लार्कच्या टेबलावर आदळले. धूळ त्याच्या चहात पडली.

"सोडा यातली एखादी गाठ."

"मावशी, हे काय चाललंय?"

"मी डावखुरी. माझी गाठ उलटी बसते. एकदा सुटली तर दुसऱ्या कुणाला तशी बांधता यायची नाही. नऊ वर्षांत वरून एकही गाठ सुटून आलेली नाही, साहेब. पान तीन ते चौदा कुणी बघितलेलंच नाही. मग इतक्या पोरांच्या बापांना रोजावरून उठवून आणवलंत ते कुणासाठी?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. हेडक्लार्कचे कान लाल झाले.

"तुम्हाला काय कळतंय अर्जातलं? परवापर्यंत पगारावर अंगठा उठवत होतात!"

"होते ना. अक्षरं शिकले ती याच अर्जांवर. मला वाचता आलेला पहिला शब्द 'अर्जदार'. चौदाच्या चौदा पानं वाचलेली या इमारतीत मी एकटीच आहे."

त्यांनी मुलीचा अर्ज उचलला. मागची बारा पानं एका हिसक्यात उपटून तिच्या हातात दिली.

"घे. पाठकोरी आहेत. गणितं करायला होतील."

मग हेडक्लार्कच्या पुढ्यातला शिक्का उचलला, उरलेल्या दोन पानांवर दाबला, पोचपावतीवरही दाबला आणि पावती खिडकीबाहेर दिली. मुलीनं ती दोन्ही हातांनी धरली.

"मावशी, मेमो देईन मी तुम्हाला! नोकरी जाईल!"

"द्या की. फक्त दोन पानांत बसवा. मला वाचायला वेळ लागतो."

हेडक्लार्क शिक्क्याकडे हात करणार, तोच रांगेतून टर्र असा आवाज आला. मागोमाग दुसरा. मग तो आवाज पायरी-पायरीनं जिना उतरत गेला, आणि बराच वेळ थांबला नाही.

मेमो दुसऱ्याच दिवशी निघाला. त्या दिवसाचे एकशे बारा अर्ज दोन-दोन पानांचेच वर गेले. मार्चमध्ये सगळे मंजूर होऊन आले. त्या मुलीचा गठ्ठ्यात वरून चौथा होता.

मावशी त्याआधी, फेब्रुवारीच्या नऊ तारखेला वारल्या.